पाण्यापलीकडच्या पाड्यांतल्या आया आणि बाळांसाठी खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
महिला व बालविकास, सार्वजनिक आरोग्य आणि आदिवासी विकास विभाग,
महाराष्ट्र शासन.

विषय: नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने तोडलेल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या पाड्यांमधील गरोदर व स्तनदा माता आणि सहा वर्षांखालील मुलांचा आहार.

सप्रेम नमस्कार.

पुढच्या पावसाळ्याच्या आत दोन निर्णय व्हावेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पहिला निर्णय असा, की नर्मदेच्या फुगवट्याने तुटलेल्या पाड्यांपर्यंत जाणारी बोट ही पोषण आणि आरोग्याच्या खर्चातली कायमची, हक्काची बाब ठरावी. दुसरा असा, की तिथल्या गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या ताटातलं अन्न दुरून पाकिटात भरून पाठवण्याऐवजी तिथल्याच मातीतून आणि पाण्यातून उभं करावं. पाण्यापलीकडून जे आणावंच लागतं ते वेळेवर आणा आणि जे पाड्यात मिळतं ते पाड्यातच शिजवा, इतकंच माझं म्हणणं आहे. बाकीचं पत्र त्याची कारणं सांगण्यासाठी आहे.

मी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका होते. नोकरीचा मोठा काळ सातपुड्यात गेला. आता निवृत्त आहे, पण त्या भागातल्या सेविका अजून फोन करतात. रेंज मिळते त्या टेकडीवर चढतात आणि बोलतात. त्यांच्याकडून जे ऐकते आणि मी स्वतः जे पाहिलं, त्याच्या आधारावर हे लिहिते आहे.

मुंबईत बसून या भागाचा विचार करताना डोळ्यासमोर 'दुर्गम डोंगराळ तालुका' एवढंच चित्र येतं. ते अपुरं आहे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेलीत 1993 मध्ये पाणी शिरलं, आणि पुढे धरणाची उंची वाढत गेली तसतशी एकेक गावाची नदीकाठची शेतं, वाटा, घरं पाण्याखाली गेली. 2017 च्या जूनमध्ये धरणाचे दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली. सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे 138.68 मीटरपर्यंत भरला. जे लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. मी बोलते आहे ते मूळ गावात उरलेल्यांबद्दल, जे पाणी चढेल तसे वर सरकत गेले. पूर्वी नाला ओलांडला की दुसरा पाडा यायचा. आता त्या नाल्यात फुगवट्याचं खोल पाणी उभं आहे. काही टेकड्या तिन्ही बाजूंनी पाण्यात आहेत, काही चारही बाजूंनी. चौथ्या बाजूला वाट असली तर ती उभ्या चढाची असते आणि पावसाळ्यात बंद होते.

हे पाणी समुद्रासारखं एकाच पातळीवर राहत नाही, ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय भरलेला असतो, उन्हाळ्यापर्यंत तो बराच खाली जातो. भरलेला असताना बोट थेट पाड्याच्या खाली लागते. पाणी उतरलं की काठाला गुडघाभर, कधी मांडीभर गाळ उघडा पडतो. आठव्या महिन्यातल्या बाईला त्या गाळातून बोटीपर्यंत चालत जायचं असतं. सेविकेला डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन त्याच गाळातून यायचं असतं. त्यामुळे नुसती बोट देऊन भागत नाही, पाण्याबरोबर खाली-वर होणारा तरंगता धक्काही हवा. असे तरंगते धक्के आपल्याकडे पर्यटनाच्या जलाशयांवर बसवलेले आहेत. ती काही अशक्य कोटीतली वस्तू नाही.

आता मुद्द्यावर येते.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना ही आपल्या राज्याने आदिवासी भागासाठी केलेल्या चांगल्या योजनांपैकी एक आहे, असं मी मनापासून मानते. 2015 च्या अखेरीस ती सुरू झाली. गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने रोज एक वेळचं चौरस जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं. पुढच्या वर्षी सात महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांना अंडी-केळी सुरू झाली. या योजनेत सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती असेल तर बाईने ते जेवण अंगणवाडीत बसून खायचं, ही. घरी नेलेलं अन्न ती एकटी खात नाही. सासू आहे, दोन मोठी मुलं आहेत, नवरा लाकडं तोडून आलेला आहे. पातेलं मधे ठेवलं की शेवटी तिच्या वाट्याला तळाचं उरतं. पंगतीत इतर गरोदर बायांबरोबर बसली की तिला भीड राहत नाही, पोटभर जेवते. चार बायका बोलतात, कुणाच्या पायाला सूज आली आहे, कुणाच्या बाळाची हालचाल कमी झाली आहे, हे तिथेच कळतं. पोषणाचं आणि आरोग्याचं निम्मं काम त्या पंगतीत होतं.

पण अंगणवाडी पाण्याच्या पलीकडे असेल तर ती बाई एका जेवणासाठी रोज होडीतून जाणार कशी? ती जात नाही. मग तिच्या नावाचा डबा जातो, कधी आठवड्याचा कोरडा शिधा जातो, कधी काहीच जात नाही. नोंदवहीत लाभार्थी म्हणून तिचं नाव असतं आणि योजनेचा गाभा, ती पंगत, तिला मिळालेलीच नसते. लहान मुलांची तीच गत. तीन वर्षांचं पोर होडीत बसून अंगणवाडीत जाईल ही अपेक्षा कुणी ठेवू नये. आईबाप ते धाडस करत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

याचं उत्तर पाड्यातच चूल पेटवणं हे आहे. त्याच्या आड येतो तो लोकसंख्येचा निकष. आदिवासी, डोंगराळ आणि नदीपात्रातल्या भागांसाठी तो शिथिल केलेला आहे हे मला माहीत आहे: 300 ते 800 लोकसंख्येला एक अंगणवाडी, 150 ते 300 ला मिनी अंगणवाडी. पण पाण्याने गावाचे तुकडे झाले तेव्हा एकेका तुकड्यावर राहिली दहा-पंधरा घरं. त्यांची बेरीज शेजारच्या पाड्याशी करून निकष पूर्ण होतो आणि कागदावर अंगणवाडी 'गावात' असते. मधे पाणी आहे हे त्या बेरजेत दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये सांगितलं होतं की सहा वर्षांखालची 40 मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. इथे एका टेकडीवर 40 मुलं कधीच भरणार नाहीत. म्हणून माझी मागणी अशी की ज्या वस्तीतून अंगणवाडीत जायला पाणी ओलांडावं लागतं तिथे लोकसंख्येचा निकष लावूच नका. पाच मुलं आणि दोन गरोदर बाया असल्या तरी तिथे एक चूल आणि ती पेटवणारी, त्याच पाड्यातली, मानधन मिळणारी एक बाई असली पाहिजे. तिला अंगणवाडीची इमारत लागत नाही. कुडाच्या घराची पडवी पुरते.

2020 च्या टाळेबंदीत चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका मासेमाराची होडी मागून घेऊन, स्वतः वल्हवत, नर्मदेतून पाड्यांवर जात होती. नवजात बाळांची वजनं घ्यायची, गरोदर बायांना आहार द्यायचा आणि संध्याकाळी परत यायचं. देशभरच्या वर्तमानपत्रांत तिचं नाव आलं. ते कौतुक तिचं हक्काचं होतं. पण त्या बातम्या वाचताना माझ्या मनात येत होतं ते हे, की होडी मागून का घ्यावी लागली? तिच्या हाताला फोड आले तर दुसऱ्या दिवशी त्या बाळांचं वजन कोण घेणार होतं? एका बाईच्या जिवावर जे काम चाललं ते तिच्यापुरतंच राहिलं, तर पुढच्या बाईकडून आपण तेवढीच हिंमत गृहीत धरतो. बाकीच्या सेविका पोहू शकतात की नाही हे कुणी विचारलेलं नाही. लाइफ जॅकेट ही वस्तू अंगणवाडीच्या साहित्याच्या यादीत असावी, हे मी अगदी गंभीरपणे सुचवते आहे.

बोटीतला दवाखाना ही कल्पना नंदुरबारला नवी नाही. तरंगते दवाखाने इथे नर्मदेवर चाललेले आहेत. अडचण आहे ती त्यांच्या वेळापत्रकाची. इंजिन बिघडलं, डिझेलची मंजुरी आली नाही, चालकाचा करार संपला, अशा कारणांनी फेरी चुकते आणि फेरी चुकली हे पाड्याला कळतच नाही. बायका बाळं घेऊन काठावर दुपारपर्यंत बसून राहतात आणि उठून जातात. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा बोट आली तरी कुणी येत नाही. मग 'लोक प्रतिसाद देत नाहीत' असा शेरा पडतो. तो शेरा मी अनेक अहवालांत वाचला आहे आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे.

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर, ज्यांना तिथे चर-चापोरी म्हणतात, 2005 पासून बोट क्लिनिक चालतात. एका संस्थेने एका बोटीपासून सुरुवात केली. 2008 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यात भागीदारी केली आणि ती बोट सरकारी आरोग्यसेवेचा भाग बनली. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळेचा माणूस बोटीतच राहतात, एका फेरीत अनेक बेटं करतात. कोणत्या बेटावर केव्हा जायचं हे आधी ठरलेलं असतं आणि बेटावरच्या कार्यकर्तीला ते माहीत असतं. आपल्याला यातून एवढंच घ्यायचं आहे: बोटीच्या खर्चाला आरोग्य अभियानाच्या वार्षिक आराखड्यात स्वतःची ओळ, पूर्ण वेळ चालक, इंजिन दुरुस्तीचा वर्षाचा करार, आणि पावसाळा सोडून इतर महिन्यांत ठरल्या वारी येणारी फेरी. पावसाळ्यासाठी वेगळा बंदोबस्त हवा, त्याबद्दल पुढे लिहिते. ओडिशाने तर मलकानगिरीत बालिमेला जलाशयाने तोडलेल्या 151 गावांसाठी 910 मीटर लांबीचा गुरुप्रिया पूलच बांधला. तो 2018 च्या जुलैमध्ये खुला झाला. लोकांना त्यासाठी अनेक दशकं वाट पाहावी लागली, हेही तितकंच खरं. आपल्या पाड्यांना पूल मिळेल तेव्हा मिळेल, तोवर बोट तरी नेमाने चालू द्या.

आता ताटाकडे वळते, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दल.

शिरा, उपमा, सुकडी यांची पाकिटं मी माझ्या हातांनी वाटली आहेत. पाड्यातल्या मुलांनी ती आवडीने खाल्लेली मी फारशी पाहिली नाहीत. सुरुवातीला आई पाण्यात कालवून भरवते, पोर तोंड फिरवतं, मग ते पीठ बकरीपुढे जातं. त्यात बाईला दोष देण्यासारखं काही नाही. गोडसर, एकाच चवीचं पीठ रोज कुणीही खाणार नाही. शिवाय ही पाकिटं गोदामातून रस्त्याने, रस्त्यावरून बोटीत, बोटीतून डोक्यावर, अशी येतात. दमट हवेत फुटलेलं पाकीट दोन दिवसांत वास मारू लागतं.

आणि त्याच पाड्यात काय पिकतं, काय मिळतं ते पाहा. ज्वारी, मका, बाजरी, भगर आणि मोर नावाचं बारीक भरडधान्य. उडीद, तूर, कुळीथ. पावसाळ्यात अंबाडी आणि कितीतरी रानभाज्या, ज्यांची नावं मला पावरी बोलीतच येतात. शेवगा, महूची फुलं, चारोळी. आमचूर तर धडगावचं, म्हणजे अक्राणी तालुक्याच्या मुख्य गावचं, बाजारपेठेत नावाजलेलं आहे. शेंगदाणा आणि गूळ विकत आणावा लागतो, पण तो टिकतो. कोंबड्या घरोघरी आहेत. आणि समोर 214 किलोमीटर लांबीचा जलाशय आहे, ज्यात मासे आहेत.

माशांबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या. धरण झाल्यावर या लोकांची काठाची गाळाची जमीन गेली, पण पाणी वाट्याला आलं, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी मासेमारी हे पोटाचं साधन केलं. मोठा मासा व्यापाऱ्याकडे जातो, त्याचे पैसे येतात. लहान मासा घरी खाल्ला जातो किंवा वाळवला जातो. पोषणाच्या दृष्टीने हाच लहान मासा मोलाचा आहे. काट्यासकट, डोक्यासकट खाल्ला जाणारा बोटभर मासा गरोदर बाईला प्रथिनांबरोबर कॅल्शियम, लोह आणि जस्त देतो. ज्या भागात दूध जवळपास मिळत नाही तिथे कॅल्शियमचा दुसरा इतका सोपा मार्ग मला माहीत नाही. वाळवून, भाजून, बारीक पूड करून ती चमचाभर घट्ट खिचडीत मिसळली तर आठ-नऊ महिन्यांचं बाळही खाऊ शकतं. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात अंगणवाडीच्या आहारात सुक्या लहान माशांचा प्रयोग झालेला आहे. मग नर्मदेकाठी, जिथे मासा दारात आहे आणि लोक तो पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, तिथे अमृत आहाराच्या ताटात मासा का नाही? अंड्याला पर्याय म्हणून केळं चालतं, तर मासा चालायला काय हरकत आहे? स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडून दर आठवड्याला ठरलेल्या दराने मासा घ्या. पैसा पाड्यातच फिरेल, आणि माल खराब झाल्याची तक्रार करायला कुणी उरणार नाही.

अंड्यांचंही असंच. बाजारातून ट्रे आणायचा, बोटीत सांभाळायचा, गाळातून न्यायचा, त्यात किती फुटतात ते सेविकेला विचारा. फुटलेल्या अंड्यांचे पैसे तिच्याच अंगावर पडतात. थाळीचा दर शहादा तालुक्याच्या सपाटीवर जो, तोच नर्मदेकाठी. बोटीचं भाडं त्यात कुठेच धरलेलं नाही. पाण्यापलीकडच्या अंगणवाड्यांसाठी थाळीचा दर वेगळा ठरवा, आणि पाड्यातल्याच बायांच्या बचत गटाला गावठी कोंबड्या पाळायला मदत करून अंडी त्यांच्याकडून विकत घ्या.

लहान मुलांच्या बाबतीत खरी घसरण सहाव्या महिन्यानंतर सुरू होते. तोवर बाळ आईच्या दुधावर बरं असतं. वरचं अन्न सुरू करायचं तर बहुतेक घरांत पातळ पेज दिली जाते. पेजेने पोट भरतं, पण वजन वाढत नाही. बाळाचं पोट मुठीएवढं, त्यात जाणारं अन्न घट्ट हवं, त्यात तेल हवं, डाळ हवी, आणि ते दिवसातून अनेकदा हवं. आई लाकडाला, पाण्याला, शेतावर गेलेली असते. बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. ती पोर त्याला काय भरवणार? म्हणून पाड्यातल्या त्या चुलीवर गरोदर बायांच्या जेवणाबरोबर या बाळांसाठीही दिवसातून दोनदा घट्ट खिचडी शिजायला हवी, आणि आई कामाला गेली असेल तेव्हा भरवणारा मोठा हात हवा. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित, मूल सापडल्यावर आपण ग्राम बालविकास केंद्र उघडतो, पोषण पुनर्वसन केंद्रात नेण्याची धावपळ करतो. ती करायलाच हवी. पण धडगाव किंवा नंदुरबारला दोन आठवडे राहायला आई येत नाही, कारण घरी तिची आणखी दोन मुलं असतात. ज्या दिवशी ती दोन मुलंही तिच्याबरोबर केंद्रात राहू, जेवू शकतील, त्या दिवशी ती येईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची आढळली. राज्याची सरासरी 36.1 टक्के होती. हा जिल्ह्याचा आकडा आहे, ज्यात शहादा-नंदुरबारची सपाटीही येते. पाण्यापलीकडच्या पाड्यांचा वेगळा आकडा काढलाच जात नाही. तो काढा. गावनिहाय नको, पाडानिहाय काढा.

रक्ताच्या कमतरतेबद्दल एक गोष्ट सांगणं मला फार गरजेचं वाटतं. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अॅसिडच्या 180 गोळ्या द्यायच्या, एवढ्यावर आपला कार्यक्रम थांबतो. पण या भागातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि मलेरियाही आहे. सिकलसेल असलेल्या बाईचं रक्त लोहाच्या गोळ्यांनी भरून निघत नाही. तिला वेगळी काळजी, वेळेवर तपासणी, कधी रक्त चढवणं लागतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन 1 जुलै 2023 ला सुरू झालं. त्यातली तपासणी पाण्यापलीकडच्या प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी, आणि ती करण्यासाठी बाईने धडगावला येण्याची वाट पाहू नये. बोटीतून किट जाऊ शकतं. नवव्या महिन्यात, मध्यरात्री, कळा सुरू झाल्यावर तिचा आजार कळणं म्हणजे फार उशीर झालेला असतो.

बाळंतपणासाठी आपल्याकडे माहेरघर ही योजना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी, तारखेच्या आधी काही दिवस येऊन राहायची सोय. कल्पना सुंदर आहे. पण बोटीने येणाऱ्या बाईसाठी 'काही दिवस' पुरत नाहीत. तारीख अंदाजाची असते आणि पाणी तिच्या तारखेसाठी थांबत नाही. पावसाळ्यात तर शेवटचे तीन आठवडे तिने अलीकडे असायला हवं. तेवढे दिवस ती राहावी असं वाटत असेल तर तिच्या लहान मुलांना बरोबर घ्या, बुडालेली मजुरी रोजच्या रोज द्या, आणि स्वयंपाक तिला खाता येईल असा करा. तिथे पावरी किंवा भिली बोलणारी एक बाई असू द्या. मला आठवतं, नर्सचं बोलणं कळत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी उठून निघून गेलेल्या बाया.

पावसाळ्याचं म्हणाल तर 1995 पासून नवसंजीवन योजनेत जूनच्या आधी धान्य पाड्यांपर्यंत पोहोचवायचं बंधन आहेच. त्या यादीत पाण्यापलीकडच्या प्रत्येक चुलीसाठी चार महिन्यांची डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, आयोडीनयुक्त मीठ आणि हवाबंद कोठ्या जोडा. सोबत ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या. पावसाळ्यात पाड्यांना जलाशयाचं किंवा झिऱ्याचं गढूळ पाणी प्यावं लागतं आणि चार महिन्यांत कमावलेलं वजन मूल आठवड्याच्या जुलाबात गमावतं.

पोषण ट्रॅकर, म्हणजे सेविकांनी फोनवर नोंदी भरायचं सरकारी अॅप, याबद्दलही लिहायला हवं. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची अट लागू झाली. पारदर्शकतेचा हेतू मला मान्य आहे. पण जिथे फोन लागायला टेकडी चढावी लागते, तिथे नऊ महिन्यांची गरोदर बाई सेविकेबरोबर टेकडी चढणार का? नेटवर्क नसलेल्या पाड्यांसाठी ही अट काढा. बोटीच्या फेरीच्या दिवशी सगळ्यांसमोर, पाड्याच्या पंचांच्या सह्यांनी, वाटपाची नोंद होऊ द्या. लोकांच्या डोळ्यांदेखत झालेल्या वाटपापेक्षा जास्त पारदर्शक काही मला तरी ठाऊक नाही.

आणखी एक अडचण सीमेची. अक्कलकुव्याच्या पाड्यांसमोरचा काठ गुजरातच्या छोटा उदेपूरचा, अक्राणीच्या पुढचा काठ मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरचा. नातीगोती, बाजार, कधीकधी दवाखानाही त्या काठावर असतो. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत जातात, होळीला परत येतात. गरोदर बाई तिकडे गेली की आपली नोंद थांबते आणि त्यांची सुरू होत नाही. तिन्ही राज्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बसून एवढं ठरवावं, की नर्मदेच्या दोन्ही काठांवर कोणत्याही अंगणवाडीत आणि दवाखान्यात या बायांना ताट आणि तपासणी मिळेल, पत्ता न विचारता.

पैशांचं काय, हा प्रश्न येणार. नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्यानुसार सरदार सरोवराच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. सरोवराच्या कालव्याचं पाणी गुजरात आणि राजस्थानला जातं. आपल्या राज्याला मिळते ती वीज, आणि त्या विजेसाठी पाण्यात गेली ती ही 33 गावं. त्या विजेच्या उत्पन्नातला एक लहानसा ठरलेला हिस्सा दर वर्षी या पाड्यांतल्या बोटींसाठी, धक्क्यांसाठी आणि चुलींसाठी राखून ठेवावा. मी उपकार मागत नाही. ज्यांचा काठ गेला त्यांच्या मुलांना पोटभर अन्न मिळावं, इतका त्या विजेवर त्यांचा हक्क नक्की आहे. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या स्वशासनाच्या कायद्याखाली येणाऱ्या ग्रामपंचायतींचा पाच टक्के अबंध निधीही आहे. पण त्यावरच सगळा भार टाकू नये, तो निधी त्यांच्या मर्जीने खर्च करायचा आहे.

अन्न सुरक्षा कायदा, 2013 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेचं मोफत जेवण हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि ते दिलं गेलं नाही तर राज्याने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा असं आठवं कलम सांगतं. बोट आली नाही म्हणून ज्या दिवशी ताट पोहोचलं नाही त्या दिवसाचा भत्ता त्या बाईच्या खात्यात जमा करायला सुरुवात करा. भत्त्याने तिचं पोट भरणार नाही, पण प्रत्येक चुकलेली फेरी हिशेबात दिसेल आणि पुढची फेरी चुकू नये याची काळजी कुणाला तरी घ्यावी लागेल.

हे पाड्यांतल्या लोकांना झेपेल का, अशी शंका मला बैठकांत अनेकदा ऐकायला मिळाली. याच लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या मुलांसाठी जीवनशाळा उभ्या केल्या. 2003 मध्ये बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून उदई नदीवर छोटा जलविद्युत प्रकल्प चालवून दाखवला. पुढे तोही बुडितात गेला. ज्यांनी शाळा चालवल्या आणि वीज केली, त्यांना दहा घरांची एक चूल चालवता येईल की नाही, हे विचारण्याची गरज नाही. त्यांना धान्याचा, मासळीचा आणि मानधनाचा पैसा वेळेवर द्या, आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

माझी विनंती आहे की येत्या मार्चपूर्वी तिन्ही विभागांची एकत्र बैठक धडगावला किंवा मोलगीला घ्यावी, आणि त्या बैठकीला नर्मदाकाठच्या सेविका, मदतनीस, आशा आणि मच्छीमार संस्थांचे लोक बोलावावेत. त्यांना येण्याजाण्याचा बोटीचा खर्च द्यावा. कुठल्या पाड्याला केव्हा, कुठून पोहोचता येतं हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यासमोर बसून वर्षाच्या फेऱ्यांचं वेळापत्रक करावं, चूल कुठे लागेल ते ठरवावं, आणि शासन निर्णय एप्रिलमध्ये निघावा, म्हणजे मे महिन्यात धान्याच्या कोठ्या पाड्यात पोहोचतील आणि जूनची पहिली फेरी ठरल्या दिवशी निघेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
जिल्हा नंदुरबार